एकट्याची प्रार्थना

खेड्यांतील मंडळ्यांत फिरतांना एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो : “पाळकसाहेब, आम्ही आतां कोणाचे?” जुने भाऊबंद लग्नकार्यास बोलावीत नाहींत, नवी मंडळी म्हणावी, तर गांवांत घरें दोन. अशा स्थितींत नित्य सकाळसंध्याकाळ एकट्यानें शास्त्र वाचून व प्रार्थना करून आपलेपणा कोठून यावा? नातें तर चार माणसांनीं द्यावयाचें असतें.

हा आक्षेप पोकळ नाहीं. दानीएलाचें उदाहरण घ्या. बाबेलांत त्यास मोठा हुद्दा मिळाला होता. इकडे यरुशलेमेंतील मंदिर ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास जळून गेलेलें. तरी दिवसांतून तीन वेळां तो त्याच दिशेच्या खिडकीशीं गुडघे टेकी. तेथें त्याला ओळखणारें कोण उरलें होतें? पण त्या गुडघे टेकण्यानेंच तो कोणाचा आहे हें त्याच्या वैऱ्यांसही ठाऊक राहिलें.

आणखी एक गोष्ट मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत आहे. दार लावून एकांतांत प्रार्थना करा असें सांगून प्रभु लागलीच जी प्रार्थना शिकवितो, तिच्यांत ‘माझा’ हा शब्द एकदांही नाहीं. दार बंद, माणूस एकटा, आणि शब्द मात्र अनेकवचनी! आपल्या मराठींत तर येथें अधिकच बारकाई आहे. ‘आपला’ म्हटलें कीं ऐकणाराही त्यांत आला. ‘आमचा’ म्हटलें कीं तो वेगळा राहिला. ऐकणारा देव, म्हणून ‘आमचा’ हेंच योग्य. मग त्या ‘आम्ही’त कोण कोण? घरचीं माणसें, शेजारगांवची मंडळी, हें सोपें. परंतु ज्यानें पाणवठ्यावरून हांकलून दिलें तो? त्यास वगळून क्षमेची विनंति पुरी होत नाहीं, हें आम्हांस जड वाटतें, वाटावेंच.

केवळ मुखपाठानें हें साधत नाहीं. रोज ‘आमचा’ म्हणणाऱ्यांनींच मंदिरांत जुन्या जातींप्रमाणें जागा धरल्या, असेंही घडलें आहे. म्हणून भाकरीची विनंति करतांना ज्या घरीं आज चूल पेटली नाहीं, त्या घराचें नांव घ्यावें. दोन घरांच्या मंडळीसही असें एखादें घर आठवतेंच. आणि तें ख्रिस्ती असलेंच पाहिजे असें नाहीं.