बोकोबाचा खाऊ

एका गावात एक काकू राहत होत्या. शिवणकाम करून त्या पोट भरत. घरात दुसरं माणूस नव्हतं, होता तो एक बोका. पांढराशुभ्र, गलेलठ्ठ. काकू त्याला बोकोबा म्हणत. लहानपणीच त्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, त्यामुळे बाहेर भटकण्याचा नाद त्याला नव्हता. दिवसभर तो मशीनखालच्या चिंध्यांच्या गाठोड्यावर झोपून राही आणि चार वाजले की उठे.

चार वाजता काकू चहा ठेवत. बशीत थोडं दूध ओतून त्यात ग्लुकोजचं बिस्किट बुडवत, मऊ पडलं की बोटाने कालवत आणि बशी बोकोबापुढे सरकवत. एक संपलं की दुसरं. एरवी तो दुकानातले कोरडे दाणे खाई. तिसरं काही पुढे ठेवलं तर हुंगून बघे आणि ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडू लागे, जणू ते अन्न मातीखाली गाडून टाकायचं आहे.

"भारी नखरेल आहे मेला," काकू कौतुकाने सगळ्यांना सांगत.

एका पावसाळ्यात बोकोबा पाण्याच्या भांड्यापासून हलेनासा झाला. मोरीतल्या बादलीतही तोंड घालू लागला. त्याच्या पेटीतली माती दिवसातून दोनदा बदलावी लागे. खाणं भरपूर, तरी अंग उतरत चाललं. मग एके दिवशी काकूंनी पाहिलं, मागचे पाय तो टाचा टेकवून, फरशीवर सपाट टाकत चालला होता. त्यांनी त्याला टोपलीत बसवलं, वर पंचा बांधला आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली.

"काकू, याला मधुमेह आहे. बारा-बारा तासांनी, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचायचं. आणि ते दूध-बिस्किट बंद करायचं."

काकूंच्या यजमानांनाही मधुमेह होता. त्यामुळे पथ्यपाणी आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटलं. येताना त्यांनी बिनसाखरेच्या बिस्किटांचा पुडा घेतला आणि पुढच्या खेपेला तो डॉक्टरबाईंना दाखवला.

डॉक्टरबाई हसल्या. "साखर काढली तरी मैदा राहिलाच की. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. दुधातही साखर असते. आणि गोडाचं म्हणाल, तर मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. माणसाचं पथ्य त्याच्या काय कामाचं? मांजर जातीचंच मांसाहारी. त्याचा खाऊही तसाच हवा. उकडलेली कोंबडी द्या, उकडलेला मासा द्या. मीठ नको, तेल नको, कांदा-लसूण तर मुळीच नको. आणि खाऊ म्हणजे खाऊ. दिवसभराच्या खाण्याचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही."

काकूंनी घरी येऊन बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर टाकला. कोंबडी उकडली. बोकोबाने फरशी खरवडली. मांदेली आणली, डोकी काढली, काटे काढले, उकडली. बोकोबाने फरशी खरवडली. अंडं उकडून कुस्करलं, तेही तसंच राहिलं. डॉक्टरबाईंनी दिलेल्या डब्यातल्या ओल्या खाण्याला तर त्याने नाकही लावलं नाही. तो वरच्या फळीकडे बघून ओरडत राहिला.

शेजारचे अण्णा म्हणाले, "दोन दिवस उपाशी ठेवा. पोटात कावळे ओरडले की मुकाट्याने खाईल."

काकूंना ते पटलं. त्यांनी ताटली ठेवली आणि बोकोबाकडे बघायचं नाही असं ठरवलं. सकाळची सुई टोचून झालेली होती. दिवस गेला. संध्याकाळी सात वाजता त्यांनी पुन्हा सुई भरली, बोकोबाला मांडीवर घेतलं आणि सहज ताटलीकडे नजर गेली. अन्न सकाळी होतं तसंच होतं, कडा सुकल्या होत्या. काकूंचा हात थांबला. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"बरं झालं विचारलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता सुई ठेवून द्या. पोटात अन्न नसताना इन्सुलिन गेलं तर रक्तातली साखर घसरते, जनावर लडखडतं, बेशुद्ध पडतं. आणि लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते. त्यानेही जीव जातो. तो खाईल ते घाला आणि सकाळी घेऊन या."

काकूंनी फळीवरचा डबा काढला. बोकोबाने बशी लख्ख केली.

सकाळी डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं. "एकदम नाही, हळूहळू बदलू," त्या म्हणाल्या. "मात्र दर आठवड्याला साखर बघायची. पिठाचं खाणं कमी झालं की इन्सुलिनही कमी लागतं."

मासळी घेऊन येणाऱ्या मावशीला काकूंनी ही सगळी कथा ऐकवली. मावशीने पाटी खाली ठेवली. "फ्रीजमधला गारढोण मासा पुढं ठेवता होय? वास तरी येईल का त्याला? मांजर आधी नाकानं जेवतं, काकू. कोमट करून द्या."

त्या दिवशी चार वाजता काकूंनी कोंबडीचा बोटभर तुकडा घेतला, त्याचे तंतू सोडवले आणि वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केले. रोजच्याच बशीत ते पसरले आणि वरून चिमूटभर बिस्किटाचा चुरा भुरभुरवला. बोकोबाने चुरा चाटला. चुऱ्याबरोबर दोन-चार तंतूही पोटात गेले. उरलेले त्याने सोडले, पण फरशी खरवडली नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चुरा किंचित कमी केला. मग आणखी किंचित. मधे एकदा बोकोबा अडून बसला, नुसता चुरा चाटून निघून गेला. काकूंनी चुरा वाढवला नाही आणि बशी हिसकावलीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच ठेवलं. डब्यातलं ओलं खाणंही त्यांनी असंच कोरड्या दाण्यांत थोडं थोडं मिसळत नेलं. पावसाळा सरता सरता चिमूट रिकामी झाली आणि बोकोबा नुसती कोंबडी खाऊ लागला. मांदेलीला मात्र त्याने शेवटपर्यंत तोंड लावलं नाही. मावशीला याचं जरा वाईट वाटलं.

काकू लाड करत होत्या तेव्हा त्यांना बोक्याची हौस दिसत होती, तब्येत दिसत नव्हती. शिस्त लावायला गेल्या तेव्हा त्याची खोड दिसली, भूक दिसली नाही. दोन्ही वेळा जीव बोक्यावरच होता. कामाला आली ती रोजची चिमूट.

काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. बोकोबाचं सुटलं नाही, पण मात्रा निम्मी झाली आणि मागचे पाय तो पुन्हा उभे टाकू लागला. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आधी ताटली आणि मग सुई, हा क्रम काकूंनी त्यानंतर कधी मोडला नाही.