शब्दांचे इमान

मराठी घेऊन बी. ए. झालेली मुलगी विज्ञानावर लिहिण्याची नोकरी धरू म्हणते, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, “हिला रसायनातले काय कळते?” प्रश्न वावगा नाही, अपुरा मात्र आहे.

ऑक्सिजन हे नाव अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. त्याचा ग्रीक अर्थ ‘आम्ल घडवणारा’. पुढे १८१० च्या सुमारास इंग्लंडात डेव्हीने दाखवले, की मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतोच! नाव चुकले, तरी टिकले. आपण त्याला प्राणवायू म्हणतो. शब्द गोड खरा; पण दारातली पणती तेवत ठेवणारा आणि लोखंडाला गंज चढवणाराही हाच वायू, हे त्या नावात कुठे दिसते?

शब्दाचे कूळ शोधण्याची सवय भाषेच्या अभ्यासाने लागते. मोहही तिथलाच. शास्त्रज्ञ सांगतो, “या औषधाने गुण येऊ शकेल.” वाक्य ठसठशीत व्हावे म्हणून तिने “गुण येतो” असे लिहिले, तर व्याकरण शाबूत राहते आणि सत्य बिघडते. त्या एका क्रियापदाच्या भरवशावर कुणीतरी चालू उपचार सोडून देतो.

म्हणून पदवी कोणती, हे मी दुय्यम मानतो. न कळलेले दहादा विचारायला तिने लाजू नये, आणि कळले त्याहून एक अक्षरही अधिक लिहू नये. एवढे जिला साधेल, तिच्या हाती विज्ञान खुशाल द्यावे.