आवाजाचा बांध

शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य बांधाच्या भांडणात जातं. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढलेले मी आमच्याच गावात पाहिलेत. मोजणी आणायची, खुणा रोवायच्या आणि रातोरात त्या उपटायच्या. पण आवाजाचा बांध कुठं असतो, हे कुणी मोजून घेत नाही. माझ्या दारातला आवाज तुझ्या माजघरात शिरला, तर ते अतिक्रमण म्हणायचं की नाही? हा प्रश्न मला चाळीस वर्षांमागं पडायला पाहिजे होता. पडला परवा-परवा, नातवानं गणपतीच्या गाडीसाठी बॅटरीवरचा स्पीकर जोडायला घेतला तेव्हा.

आधी चाळीस वर्षांमागचं सांगतो. १९८२ साल. मी बावीस वर्षांचा, दहावी होऊन शेतीत पडलेला. गल्लीचं मंडळ नवं होतं. तालुक्याहून एक कर्णा आणि अँप्लिफायर भाड्यानं आणला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून बैलगाडीत ठेवली. आवाजाचं बटण माझ्या हातात. त्या दिवशी मला वाटलं, गाव आपल्या मुठीत आहे.

थोरल्या चुलत्यांच्या दारात गाडी तासभर थांबवली. घरचाच माणूस म्हणून जास्त मान. चुलते महिनाभर अंथरुणाला खिळून होते. काकी उंबऱ्यात आली, तिनं हात जोडले. मला वाटलं, गणपतीला नमस्कार करती. मी बटण आणखी पिळलं. तिनं पुन्हा हात जोडले. मी हसून मान हलवली. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी चुलते गेले.

ते आवाजानं गेले, असं कुणी म्हणलं नाही आणि तसं नव्हतंही. गप्प राहिलो असतो तरी ते राहणार नव्हते. पण ते नमस्काराचे हात नव्हते, हे मला दहाव्याला पिंडाजवळ बसलो असताना कळलं. ती माझ्या पाया पडत होती. काकीनं जन्मात त्याचा उच्चार केला नाही. माझ्या पोरांच्या बाळंतपणाला आली, बारशाला आली. मीही कधी विषय काढला नाही. एका माणसाला उरलेल्या तीन दिवसांतला एक तास मी न विचारता घेतला, एवढा हिशेब मात्र माझ्याकडं राहिला.

मधल्या वर्षांत कर्णे गेले, डॉल्बी आली. जनरेटरची गाडी, ट्रॉलीवर खोक्यांची भिंत. पत्रे थरथरतात, गोठ्यात गाई दावं तोडायला बघतात. आमच्या गल्लीत शेवटची बैलजोडी माझी. तिला त्या भिंतीपुढं जुंपायची सोय राहिली नाही, म्हणून गणपतीसुद्धा ट्रॅक्टरवर गेला. मी दोन-तीनदा मंडळाच्या बैठकीत बोललो. पोरांचं उत्तर ठरलेलं. "आबा, वर्षाचं तीनशे चौसष्ट दिवस गाव गप्पच आसतंय की. एक दिस आमचा."

हे उत्तर मला हसण्यावारी नेता येत नाही. त्यातला एक पोरगा मुंबईला मार्केटात पोती उचलतो. वर्षभर त्याला सगळे आवाज ऐकून घ्यावे लागतात, त्याचा आवाज कुणी ऐकत नाही. विसर्जनाला तो गावी येतो. छातीत ठोका बसेल असं वाजलं की त्याला आपण आहोत असं वाटतं. बावीसाव्या वर्षी मला तरी दुसरं काय वाटलं होतं?

परवाच्या वर्षी डॉल्बीचं भाडं वाढलं, वर्गणी आटली आणि पोलीस पाटलांनी नियमाचा कागद वाचून दाखवला. सन २००० चे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार सणासुदीचे ठरावीक दिवस बारापर्यंत मुभा देतं, तेवढीच. पोरं हिरमुसली. माझा थोरला नातू आयटीआयला विजेचं काम शिकतो. तो म्हणाला, "आबा, तुमची ट्रॅक्टरची बॅटरी द्या आन बैलं जुपा. बाकीचं मी बगतो."

आठ दिवस आमच्या सोप्यात तेच चाललं होतं. बॅटरी १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-अवरची. दोन्हींचा गुणाकार १०५६ वॅट-अवर. नातू म्हणाला, ह्यातलं निम्मंच आपलं. ह्या जातीची बॅटरी निम्म्याच्या खाली पिळली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी पाचशेच्या आसपास. मिरवणूक चार तासांची, तर तासाला सव्वाशे. मी म्हणालो, माझ्या जुन्या मोटारसायकलीची... नाही, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, ती जोडीला घे. तर म्हणाला, "नवी-जुनी एकत्र जुपली की जुनी नवीला वडत नेती. तुमीच सांगता की, म्हाताऱ्या बैलासंगं खोंड जुपू नये."

बारा व्होल्टवर अँपिअर जास्त खेचले जातात, म्हणून वायर जाड घेतली. बारीक वायर तापते आणि वाटेतच जोर खाते. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवला, म्हणजे गाडीच्या धक्क्यानं वायर कुठं घासून चिकटलीच तर आग लागू नये. बॅटरीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, भोवती कासरा, आणि तिच्याजवळ बिडी पेटवायची नाही असा माझ्याकडं बघून हुकूम. दोन उभे स्पीकर बाजूंना आणि पुढं एक कर्णा. कर्णा थोड्या विजेत लांब ओरडतो, पण तोंड असेल तिकडंच.

ह्या खटपटीत नातवानं एक गोष्ट सांगितली, ती मला अजून सोडत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलनं चढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. मी म्हणालो, मग ती खोक्यांची भिंत? तो म्हणाला, त्याच्यासाठीच तर जनरेटर. थोडं जास्त ऐकू जावं म्हणून माणूस दहापट जोर लावतो, शेजारचं मंडळ त्याच्यावर दहापट लावतं आणि ऐकणारा दार लावून बसतो.

लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या सुमारास पुण्यात सार्वजनिक गणपतीला जोर दिला, तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. माणसाच्या गळ्यानं जेवढं पोचेल तेवढ्यात माणसं गोळा व्हायची. आवाज माणसं बोलवायला होता. तो माणसं पांगवायला लागला, की त्याचं काम संपलं असं मला वाटतं.

विसर्जनाची गाडी निघाली. बैलांना झुली, गाडीला केळीचे खुंट. नातवाकडं मीटर होता. बॅटरी भरलेली असली की १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ ला आली म्हणजे निम्मी संपली. पण वाजत असताना ते खरं कळत नाही. वाजवणं बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग मोजायचं. जनरेटरला असं थांबावं लागत नाही. तेल ओतलं की झालं.

"कुठं थांबायचं?" नातवानं विचारलं.

मी म्हणालो, "हितं."

थोरल्या चुलत्यांचं दार होतं. आता तिथं चुलतभाऊ राहतो, काकीला जाऊन पंधरा वर्षं झाली. आवाज थांबला तशी बैलांची घुंगरं ऐकू आली. आत कुणाचं तरी लहान पोर रडत होतं. एक बाई त्याला घेऊन उंबऱ्यात आली, दिव्याकडं बोट दाखवायला लागली. पोर गप्प झालं. पाच मिनिटांत एवढंच घडलं. घरी आल्यावर मी नातवाला काकीच्या हातांची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा.

इथं संपवलं असतं तर गोष्ट माझ्या बाजूची झाली असती. पण दुसऱ्या दिवशी मळ्याकडं जाताना वस्तीवरच्या आत्यानं हटकलं. ती नव्वदीची, दिसत नाही, चालवत नाही. "औंदा गणपती गेलाच न्हाई व्हय रं?" मी म्हणालो, गेला की. "मग मला कसं न्हाई कळलं? येरवी भांडी हालायची, मी हात जोडायची."

मला उत्तर सुचलं नाही. ज्या आवाजाला मी अतिक्रमण म्हणत होतो, त्याच आवाजानं तिच्यापर्यंत सण पोचत होता. तिचं घर वाटेपासून अर्ध्या किलोमीटरवर. माझा आवाज शहाणा होता, पण तिच्या अंगणापर्यंत पोचला नाही. तिनंही हात जोडले होते, वर्षानुवर्षं. आणि ते खरोखर नमस्काराचे होते.

तेव्हापासून मी म्हणतो, हा प्रश्न नुसता मोठ्या-लहान आवाजाचा नाही. पाणी चांगलंच असतं. पण तुझा भुईमूग काढायला आलाय आणि मी माझं पाणी तुझ्या रानात सोडलं, तर शेंगा जमिनीतच उगवतील. आणि पलीकडच्याचं ऊस वाळत असताना मी पाट बांधून घेतला, तर तोही अन्यायच. पाणी सोडणाऱ्याला कुणाच्या रानात काय आहे ते माहीत पाहिजे. कायद्यातला आकडा लागतोच, कारण सगळ्यांना सगळ्यांचं माहीत नसतं. पण आकड्याला आत्या माहीत नाही आणि काकीही माहीत नव्हती.

गेल्या वर्षी पोरांनी निघायच्या आदल्या दिवशी गल्लीत एक फेरी मारली. कोण आजारी, कुणाकडं बाळंतीण, कुणाची परीक्षा. त्या दारांपुढं नुसते टाळ. त्यात वाचलेली बॅटरी वस्तीच्या फाट्यावर खर्च केली. गाडी वळवली, कर्ण्याचं तोंड आत्याच्या घराकडं केलं आणि बटण पूर्ण पिळलं. मुंबईचा पोरगा तिथं मनसोक्त नाचला. मधल्या रानात सोयाबीनशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

आत्यानं हात जोडले की नाही, अंधारात दिसलं नाही. सकाळी जाऊन विचारायचं ठरवलं होतं. पण सोयाबीन काढणीला आलं होतं. बॅटरी परत ट्रॅक्टरला बसवली आणि मी रानात गेलो.