समासातील नोंद

आमच्या धर्मग्रामातील माणूस पूर्वी पोलीस ठाण्याची पायरी क्वचितच चढत असे. पुढे आखातात नोकरीला जाणाऱ्यांना पोलिसांच्या दाखल्याची गरज भासू लागली. आता तर विवाहसंस्कार आटोपून वधू परदेशी पतीकडे निघाली, वा वर परदेशी पत्नीकडे निघाला, की फुलांचे हार सुकण्यापूर्वीच या दाखल्याची धावपळ सुरू होते. या कागदात मजकूर थोडाच असतो. अमुक नावाच्या व्यक्तीविरुद्ध प्रतिकूल असे काही आढळले नाही, एवढेच तो सांगतो. मात्र ते अमुक नाव विवाहाच्या दाखल्यावर एक, पारपत्रावर दुसरे आणि परक्या देशाच्या पोलिसांनी दिलेल्या कागदावर तिसरेच असले, तर तो दाखला नेमका कोणाच्या निर्दोषत्वाची ग्वाही देतो?

हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असे आम्हांलाही वाटत होते. एका मुलीच्या प्रकरणाने तो समज मोडला. त्या काळी आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मदतीला बसत असू. मुलगी परिचारिका होती. चार वर्षे आखाती देशात नोकरी करून ती परतली, आपल्याच चर्चमध्ये तिचा विवाह झाला आणि एकोणीस दिवसांच्या सहवासानंतर नवरा कॅनडाला परत गेला. तिने मागाहून जायचे होते. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक काळ जिथे जिथे वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला कॅनडाला लागतो. म्हणजे तिला दोन दाखले हवे होते, एक भारताचा आणि एक आखाती देशाचा.

तिच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आजीचे नाव होते, जुन्या लॅटिन वळणाने लिहिलेले, आरंभी 'पी' आणि 'एच' ही जोडअक्षरे असलेले. मराठी शाळेत ते 'फ' झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पारपत्र निघाले तेव्हा त्या 'फ'चे रोमन 'एफ' झाले. आडनावात 'व्ह' हा ध्वनी होता. अरबी वर्णमालेत त्याला स्वतंत्र अक्षर नाही. तिथल्या कारकुनाने जवळचे अक्षर घेतले आणि ते नाव पुन्हा इंग्रजीत उतरले तेव्हा 'व्ह'चाही 'एफ' झालेला होता. त्या देशाच्या पोलिसांनी तिच्या बोटांचे ठसे घेऊन दाखला दिला तो या नावाने. शिवाय आता पतीचे आडनाव होतेच. एकच देह, एकच ठसे आणि चार नावे.

हे काही नवे नाही. इ.स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांना जी आडनावे मिळाली ती परक्या जिभेची होती. घरात आपण 'जुजे', 'इनास', 'बस्त्याव' म्हणत राहिलो, नोंदवहीत पोर्तुगीज रूप राहिले, इंग्रजी अमदानीच्या कारकुनाने त्याला आपले वळण दिले आणि मराठी शाळेच्या गुरुजींनी कानाला जसे आले तसे लिहिले. एकाच अंगणातील दोन सख्खे भाऊ, एकाच्या आडनावाच्या शेवटी 'एस' आणि दुसऱ्याच्या 'झेड', असे चित्र आपल्या वाडीवाडीत दिसते. ज्यांचे आडनाव 'डी' या अक्षराने आणि त्यावरील लहानशा चिन्हाने सुरू होते, त्यांची तर आणखी एक गंमत आहे. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत ते चिन्ह गाळावे असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. म्हणजे एका पारपत्राच्या एकाच पानावर आडनावाची दोन रूपे! ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स पोर्तुगीज कागदांत 'एस्तेव्हांव' झाले. आज त्यांना पोलिसांचा दाखला काढायचा असता, तर त्यांनाही आमच्या कार्यालयात येऊन बसावे लागले असते.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. महाराष्ट्रातील रूढीप्रमाणे स्त्रीचे नाव तीन पदांचे, आणि विवाहानंतर त्यांतील दोन पदे एका दिवसात बदलतात. कायदा तशी सक्ती करत नाही, रूढी करते. मग 'ही' आणि 'ती' एकच, हे सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच येतो. पतीला आपण कोण हे कुणी विचारीत नाही. आपल्या विवाह-तयारीच्या वर्गांत या गोष्टीचा कधी उल्लेख होतो काय? आमच्या ऐकिवात नाही.

परंतु नाव तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर चिडण्यापूर्वी त्याची बाजू समजून घेतली पाहिजे. पोलिसांच्या दप्तरातील शोध बहुतांशी नावाने होतो. एका नावाविरुद्ध काही आढळले नाही, याचा अर्थ दुसऱ्या नावाविरुद्धही नाही असा होत नाही. ज्याने खरोखर काही दुष्कृत्य केले आहे, तो पहिल्याने नावच बदलतो. उलट, आपल्यासारख्या समाजात एकाच नाव-आडनावाची माणसे कित्येक असतात आणि एकाच्या कृत्याची छाया दुसऱ्या निरपराधावर पडू शकते. म्हणून अधिकारी विचारतो, 'याशिवाय दुसऱ्या कोणत्या नावाने तुम्ही कधी ओळखले गेला आहात काय?' कॅनडाच्या अर्जात असा प्रश्न असतो. तो संशयाने विचारलेला असो वा नसो, त्याचे खरे उत्तर मिळण्याचा त्याला हक्क आहे.

नेमका इथेच मोह उभा राहिला. मुलीच्या वडिलांना एका दलालाने सल्ला दिला होता. रकाना कोरा सोडा, एका अक्षराचा फरक कोण पाहतो? आणि स्नानसंस्काराचा दाखला नव्या पारपत्राप्रमाणे लिहून घ्या, म्हणजे निदान तेवढे कागद तरी जुळतील. वडील भले माणूस. आयुष्यभर भाजीची वाडी केली, कुणाचा पैसा बुडवला नाही. कार्यालयात येऊन ते धर्मगुरूंना म्हणाले, "फादर, एका अक्षराचं काम आहे. पोरगी नवऱ्यापासून लांब आहे. देव काही एवढ्यासाठी रागावणार नाही."

एका अक्षराने असत्य होते काय? संत ऑगस्टिन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, असत्य शब्दाच्या चुकीत नसते, मनात एक ठेवून दुसऱ्याला फसविण्याच्या हेतूने दुसरेच बोलण्यात असते. या न्यायाने पाहिले तर आखातातील कारकून खोटे बोलला नाही, आपले गुरुजी खोटे बोलले नाहीत. चार ठिकाणची चार नावे ही चार असत्ये नव्हेत. दुसरे नाव होते हे ठाऊक नसल्यामुळे ज्याने रकाना कोरा सोडला, त्याच्यावरही आपण असत्याचा आरोप करू शकत नाही. ठाऊक असूनही जो तो कोरा सोडतो त्याचे काय? एकही खोटे अक्षर त्याने लिहिलेले नसते. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजानेही तांत्रिकदृष्ट्या खोटे सांगितले नव्हते. कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर कायद्याच्या ४० व्या कलमात महत्त्वाची माहिती दडविणे हे खोटी माहिती देण्याच्याच पंक्तीत बसविले आहे आणि त्यासाठी पाच वर्षांची बंदी आहे. एका अक्षराचा फरक त्या व्याख्येत बसेल की नाही, हे कायदेपंडितांनी ठरवावे. दडविणाऱ्याच्या मनात काय होते, हे मात्र त्याला स्वतःला ठाऊक असते.

पवित्र शास्त्रातील याकोब या संदर्भात आम्हांला वारंवार आठवतो. आंधळ्या पित्याने नाव विचारले तेव्हा त्याने भावाचे नाव सांगितले, हातांवर करडांची कातडी बांधली आणि आशीर्वाद मिळवला. पित्याला आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे वाटत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ठसे आणि नाव यांचा मेळ बसत नव्हता. त्यानंतर वीस वर्षे तो परक्या मुलखात राहिला. परतीच्या वाटेवर, रात्रभर झगडल्यानंतर, त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारण्यात आला. या वेळी त्याने स्वतःचे नाव सांगितले, आणि मगच त्याला नवे नाव मिळाले. नवे नाव मिळणे यात काही गैर नाही. अब्राहामाला मिळाले, पेत्राला मिळाले. प्रेषितांच्या कृत्यांत शौलाचा उल्लेख पौल या दुसऱ्या नावासह, दोन्ही एकाच वाक्यात येतो. तिथे एक नाव दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

आमच्या धर्मगुरूंनी त्या वडिलांना उपदेश केला नाही. कपाटातून ती जाड नोंदवही काढली आणि मुलीच्या जन्मवर्षाचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात दृढीकरणाची नोंद होती आणि तिच्याखाली, शाई अजून ताजी वाटावी अशी, विवाहाची. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३५ वा नियम हेच सांगतो: माणसाच्या आयुष्यात पुढे जे घडते, दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, ते स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही लिहून ठेवावे. "हे मूळ अक्षर आहे ना बाबा, ते माझ्या आधीच्या फादरांनी लिहिलं," ते म्हणाले. "ते मी खोडलं तर उद्या या वहीवर कोण विश्वास ठेवील? समासात मात्र जागा आहे."

पुढे आम्हांला कळले की, आपल्या देशाच्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे पंधरावे कलमही असेच आहे. नोंदीत चूक असेल तर निबंधकाने मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी, सही करावी, तारीख घालावी. ख्रिस्तसभेची वही आणि सरकारची वही इतक्या जवळ येतील असे आम्हांला वाटले नव्हते. खाडाखोड केलेली वही दिसायला नीटनेटकी असते. परंतु मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय ऐकले, कोणी काय लिहिले, हे त्यातून नाहीसे होते.

आता आमची चूक. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आम्ही केला होता. नेहमीच्या नमुन्याप्रमाणे आम्ही लिहिले, 'माझे खरे नाव पारपत्रावरील असून अन्य कागदपत्रांतील नावे चुकीची आहेत.' मुलीने तो वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, हे चुकीचं कसं? त्या नावाने मी चार वर्षं पगार घेतला. रात्रपाळीला माणसं मला त्याच नावाने हाक मारायची. एक म्हातारी तर ते नाव घेतच गेली. आणि आजीचं नाव चुकीचं म्हणून मी शपथेवर सांगू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कारकुनी भाषेच्या सवयीने आम्ही शपथेवर असत्य लिहायला निघालो होतो, तेही सत्य सिद्ध करण्यासाठी! ख्रिस्तसभा विवाहाच्या बाबतीत व्यक्तीविषयीची चूक गंभीर मानते. आपण जिला स्वीकारतो ती व्यक्तीच वेगळी निघाली तर विवाह होतच नाही, असे १०९७ वा नियम म्हणतो. त्या नियमात नावाचा उल्लेखही नाही. वेदीसमोर त्या मुलाने जिला होकार दिला ती हीच होती, तिचे नाव कसेही लिहिले जावो. पण म्हणून नावे क्षुल्लक ठरत नाहीत. प्रत्येक नावामागे तिला कुणीतरी हाक मारलेली होती. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असे योहानाच्या शुभवर्तमानात येते. तो कोणत्या लिपीत हाक मारतो हे तिथे सांगितलेले नाही.

मसुदा बदलला. नव्या वाक्याचा आशय असा होता की, पुढील चारही नावे माझीच आहेत, अमुक नाव अमुक वर्षापासून अमुक कागदावर अमुक कारणाने आले आहे, आणि या सर्व नावांनी मी केलेल्या कृत्यांची जबाबदारी माझी आहे. शेवटचा भाग तिने स्वतः सुचवला. नोटरीच्या कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, एवढे लांबण कशाला, नेहमीचा नमुना चालतो. त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही. त्यांच्याकडे दिवसाला असे कितीतरी येत असतील.

या मार्गाने वेळ अधिक लागला, हे लपविण्यात अर्थ नाही. धर्मगुरूंचे पत्र, शाळेचे पत्र, आखातातील रुग्णालयाच्या नोकरीचे प्रमाणपत्र जमवण्यात पाऊस सुरू होऊन संपला. दलालाच्या वाटेने गेलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाचे काम दरम्यान सुरळीत पार पडल्याचे वाडीत सर्वांना समजले आणि मुलीच्या आईने दोन रविवार आमच्याशी बोलणे टाळले. तिला दोष देता येत नाही. रोज रात्री मुलगी ओट्यावर बसून दूरध्वनीवर नवऱ्याशी बोलताना तिला दिसत होती, आम्हांला नव्हे.

अर्ज भरण्याच्या दिवशी ती पुन्हा कार्यालयात आली. 'दुसरे कोणते नाव' या प्रश्नासमोरची जागा लहान होती. तिने आजीचे नाव आधी लिहिले, मग शाळेतले, मग रुग्णालयातले. तिसऱ्या नावावर जागा संपली, तेव्हा तिने आमच्याकडे एक कोरा कागद मागितला.