आकाशवाणीचे तिकीट आणि भिक्खूंचे ब्रीद

आकाशवाणीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून ८ जून १९६१ रोजी भारतीय टपाल खात्याने पंधरा नये पैसे किमतीचे एक निळे तिकीट काढले. त्यावर आकाशवाणीचे बोधचिन्ह आणि प्रक्षेपणाची यंत्रणा आहे. भारताची तिकिटे तेव्हा नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापली जात, त्यामुळे हे तिकीटही महाराष्ट्रातच छापलेले. पंचवीस वर्षे मोजली ती ८ जून १९३६ पासून. त्या दिवशी ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’चे नाव बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले होते. प्रत्यक्ष प्रसारण त्याहून जुने आहे. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. इंग्रज सरकारने केलेल्या एका नामकरणाचा रौप्यमहोत्सव स्वतंत्र भारताने साजरा केला, असे या तिकिटाचे थोडे गमतीदार स्वरूप आहे.

तिकिटाच्या इतिहासापेक्षा गंभीर प्रश्न ज्या संस्थेचा हा गौरव होता तिच्या ब्रीदात आहे. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे आकाशवाणीचे ब्रीद बुद्धाच्या उपदेशातून घेतलेले आहे. एका धर्मसंस्थापकाने आपल्या शिष्यांना सांगितलेले कर्तव्य कोणत्याही एका धर्माचे नसलेल्या राज्याने आपल्या खात्याला लावून घेतले. ते राज्याला पेलते का, आणि पेलायचे तर काय करावे लागते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मूळ प्रसंग विनयपिटकातल्या महावग्गात येतो. सारनाथच्या पहिल्या उपदेशानंतर काही काळातच अर्हतपदाला पोहोचलेल्या भिक्खूंची संख्या साठ झाली. बुद्धाने त्यांना एकत्र ठेवले नाही. लोकांत फिरा, आणि दोघे एकाच वाटेने जाऊ नका, असे सांगून त्याने त्यांना वेगवेगळ्या दिशांना धाडले. या चारिकेचे प्रयोजन सांगताना बहुजनांचे हित आणि बहुजनांचे सुख यांच्या पाठोपाठ तिसरी गोष्ट येते, ती लोकांविषयीची अनुकंपा. आकाशवाणीने पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी सोडली. ब्रीद आटोपशीर हवे म्हणून ती गळली असेल, पण तत्त्वाच्या दृष्टीने ही काटछाट लहान नाही. हित आणि सुख या ऐकणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी आहेत. अनुकंपा बोलणाऱ्याच्या अंगी असावी लागते.

भिक्खूच्या बाबतीत ती नुसती भावना नव्हती, रोजचा व्यवहार तिला आधार देत होता. भिक्खू पायी जाई, हातात पात्र घेऊन दारात उभा राही. गृहस्थ त्याला भिक्षा घाले किंवा पुढे जा म्हणे. ज्याला उपदेश करायचा त्याच्याच हातच्या अन्नावर जगायचे असल्यामुळे ऐकणाऱ्याला नकाराचा हक्क होता, आणि त्याच्या घरात आज चूल पेटली आहे की नाही हे सांगणाऱ्याला दिसत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत नेमका हाच मुद्दा उपस्थित केला आहे: भिक्खू घडवण्यामागे बुद्धाचा हेतू एक परिपूर्ण माणूस तयार करण्याचा होता की समाजसेवक तयार करण्याचा? केवळ स्वतःपुरता परिपूर्ण असलेला भिक्खू धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही, असा त्यांचा कल होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या हजारो घरांत बुद्धाचे नाव आले. त्या घरांच्या दृष्टीने आकाशवाणीचे ब्रीद ही सरकारी कागदावरची शोभा राहिली नाही. ते वचन होते, आणि वचनाचा हिशेब मागता येतो.

हित आणि सुख एका दमात उच्चारणे भारतीय परंपरेत सोपे नव्हते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय या दोन वेगळ्या वाटा दाखवतो. शहाणा माणूस श्रेयाची निवडतो. तिथे या दोहोंत निवड करावी लागते. बुद्धाने दोन्ही एकाच वाक्यात, एकमेकांशेजारी ठेवली. शिवाय बहुजन म्हणजे मतमोजणीतले बहुमत नव्हे. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख असा हिशेब इंग्लंडात बेंथॅमने मांडला, त्यात उरलेल्या थोड्यांचे काय हा प्रश्न कायम लटकत राहतो. अनुकंपेला असा उरलेला गट परवडत नाही.

सरकारी रेडिओने मात्र हिताला उंच आसन दिले आणि सुखाकडे बराच काळ संशयाने पाहिले. तिकीट निघाले तेव्हा माहिती व प्रसारण खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे होते. १९५२ पासून १९६२ पर्यंत दहा वर्षे ते या खात्यावर होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी राष्ट्रीय कार्यक्रम दिला, रेडिओ संगीत संमेलन दिले. अनेक गायक-वादकांना त्यामुळे घर चालवण्यापुरती मिळकत आणि देशभर श्रोता मिळाला. हे काम मोठे होते. पण चित्रपटगीतांना त्यांनी इतका आळा घातला की श्रोत्यांनी सरळ सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तीही केसकरांच्याच कारकिर्दीत. सुख वगळून केलेले हित ऐकायला माणूस बसत नाही, हे खात्याला पाच वर्षांत कळले.

पेटीची कथा याहून बोलकी आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. स्थिर स्वरांच्या या विलायती वाद्यातून श्रुती आणि मींड निघत नाही, हा आक्षेप संगीताच्या अंगाने खोटा नव्हता. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. बंदी सैल झाली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिकीट पाकिटावर चिकटत होते त्या वर्षी गावोगावच्या देवळांत पेटीच्या सुरावर भजन चालू होते आणि रौप्यमहोत्सवी आकाशवाणीच्या स्टुडिओत त्याच पेटीला दार बंद होते. बहुजनांच्या हिताची व्याख्या बहुजनांच्या भक्तीचे वाद्य बाहेर ठेवून केली गेली. दारोदार फिरणाऱ्याला हे जमले नसते, कारण पहिल्याच ओसरीवर पेटी दिसली असती.

हित आणि सुख एकत्र आल्याचे मराठीतले ठळक उदाहरण पुणे केंद्राचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे त्याची छप्पन गीते प्रसारित झाली. त्या वेळेला रेडिओला हार घालणारी, उदबत्ती लावणारी घरे होती. या पूजेकडे भाबडेपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. दुरून आलेला, तोंड न दिसणारा आवाज हेही श्रवण मानायचे की नाही, याचा निवाडा त्या घरांनी आपल्या परीने केला होता.

मराठवाड्यातला बीड जिल्हा मात्र त्या वर्षी हैदराबाद राज्यात होता, आणि तिथला राज्याच्या आवाजाचा अनुभव वेगळा होता. निजामाच्या राज्यात ३ फेब्रुवारी १९३५ पासून हैदराबादचे डेक्कन रेडिओ केंद्र रीतसर चालू झाले. देश स्वतंत्र झाला तेव्हा निजामाचे दुसरे केंद्र औरंगाबादला होते. म्हणजे तिकिटाने जो १९३६ सालचा ‘ऑल इंडिया’ मोजला त्यात बीड, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई), गेवराई ही गावे नव्हतीच. राज्याची भाषा उर्दू होती, प्रजेतल्या मोठ्या भागाची मराठी. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी पुढे या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले. शेवटी १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने रेडिओवरूनच शरणागती जाहीर केली. कालपर्यंत हुकमतीचा असलेला आवाज त्याच मनोऱ्यावरून मुक्तीची बातमी देऊ शकतो, हे मराठवाड्याने एका संध्याकाळी ऐकले. त्यामुळे मनोऱ्याला स्वतःचे ब्रीद नसते, ते तो चालवणाऱ्याने पाळायचे असते, हे या भागाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बीडमध्ये श्रवणाची दुसरी परंपरा त्याआधीपासून आहे. परंपरेने कवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची. संतकवी दासोपंतही तिथलेच, त्यांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, विषय चाळीस फूट लांबीच्या कापडावर, पासोडीवर, लिहिला. आणि जिल्हाभर कीर्तन आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले असले तरी कीर्तनातले श्रवण मुके नसते. बुवा उभे असतात, मागे टाळकरी, बाजूला पखवाज, पुढे गाव बसलेले. मांडी बदलली जाऊ लागली, मागच्या रांगेत कुजबुज झाली की बुवा निरूपण आवरते घेऊन चाल लावतात. गजर होतो, सभा पुन्हा भानावर येते. श्रोता कीर्तन घडवत असतो. बीड-नगरच्या सीमेवरल्या भगवानगडाचा नारळी सप्ताह तर दर वर्षी गाव बदलतो. कथा ऐकायला गडावर या, असे न म्हणता सप्ताह स्वतः गावाकडे जातो, आणि त्या वर्षी ते गाव आलेल्या हजारोंना जेवू घालते. सांगणाऱ्याने चालत जायचे आणि ऐकणाऱ्याने अन्न द्यायचे, ही भिक्खूंच्या चारिकेतली रचना वारकरी वेशात इथे टिकून आहे. संप्रदाय वेगळे, तत्त्वज्ञान वेगळे, तरी बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार तोच.

स्टुडिओत तो करार मोडतो. दार बंद, लाल दिवा लागलेला, घड्याळाचा काटा समोर. कीर्तनकाराला वेळेत संपवायचे असते आणि कोण उठून गेले हे त्याला कधीच कळत नाही. रेडिओवरचे कीर्तन हे श्रवण नव्हे असे म्हणणे तरीही कठीण आहे. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, शेतात एकटा पाणी देणारा गडी, देवळात जायला मज्जाव झालेला माणूस यांच्यापर्यंत फक्त तोच आवाज पोहोचू शकत होता. रेडिओ दार विचारत नाही, जात विचारत नाही, हे त्याचे पुण्य नाकारता येत नाही. उणीव आहे ती उलट दिशेच्या वाटेची.

ती वाट तयार करता येते, हे १९५६ मध्ये सिद्ध झाले होते. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्याला दोन कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जाऊन पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ स्पष्ट दिसली. अनुकंपेची प्रशासकीय आवृत्ती काढायची तर ती साधारण अशीच निघेल. पुढे हा प्रयोग देशभर नेला गेला, पण पहिल्या वेळची धार राहिली नाही. कार्यक्रम पाठवणे सोपे असते, पत्रे वाचणे कष्टाचे.

बीडच्या वाट्याला आधी परभणीचे मध्यम लहरींचे केंद्र आले आणि नंतर बीड शहरात आकाशवाणीचे स्वतःचे एफएम केंद्र झाले. मध्यम लहरी जमिनीलगत लांब जातात, एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड अडतात. बालाघाटाच्या रांगेने कापलेल्या जिल्ह्यात हा फरक जाणवतोच. त्याहून मोठी अडचण भूगोलाची नाही. दसरा झाला की बीडमधली लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्या उचलीची फेड चालू राहते. वर्षातले पाच-सहा महिने स्थानिक केंद्राचा श्रोता त्याच्या टप्प्यातच नसतो.

बुद्धाने अनाथपिंडिक या उपासकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, असे अंगुत्तर निकायात आहे: मिळवलेले असणे, ते भोगता येणे, अंगावर कर्ज नसणे आणि वागण्यात दोष नसणे. त्यातले तिसरे कोयत्यावरच्या जोडप्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बहुजनसुख हे ब्रीद या यादीशी लावून पाहिले की केसकर आणि सिलोन यांच्यातला वाद फार लहान दिसू लागतो; गाणी कोणती लावावीत एवढ्यापुरता तो होता. कर्ज, मजुरीचा दर, मुलांची हंगामातली शाळा, फडावरच्या बाईचे आरोग्य हे विषय जो आवाज त्या माणसाशी बोलेल आणि त्याचे ऐकून घेईल, त्याने ब्रीद पाळले असे म्हणता येईल. दरम्यान १९९० च्या कायद्याने, जो प्रत्यक्षात १९९७ मध्ये अमलात आला, आकाशवाणी सरकारी खात्यातून प्रसार भारतीकडे गेली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे म्हटले होते. आकाशवाणीची अनेक स्थानिक केंद्रे आता मोबाइलवरही ऐकता येतात, त्यामुळे सांगली-कोल्हापूरच्या फडात बसून आपल्या भागाचे केंद्र लावणे अशक्य राहिलेले नाही. अंतराची सबब त्यामुळे संपते. त्या केंद्रावर त्याच्यासाठी काय बोलायचे आणि त्याचा प्रश्न केंद्रापर्यंत कसा आणायचा, हे ठरवणे मात्र अभियंत्याचे काम नाही.