फावल्या वेळची मिळकत

आमच्या खेडेगांवांतील मंडळ्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. तो असा कीं, ख्रिस्ती मनुष्यानें, आणि विशेषेंकरून मंडळीच्या पगारावर असलेल्या उपदेशकानें, आपलें नेमलेलें काम संभाळून फावल्या वेळांत दुसरा धंदा करून चार पैसे मिळवावे कीं नाहीं? कोणी म्हणतात, देवाच्या कामावर असलेल्यानें प्रपंचाच्या पाठीस लागूं नये. दुसरे म्हणतात, पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो, मग मुलांच्या शाळेची फी कोठून भरावी? दोन्ही पक्ष शास्त्रांतून आधार काढून दाखवितात, आणि पंचांच्या बैठकींत हा विषय निघाला म्हणजे दिवेलागण झाली तरी संपत नाहीं.

जोडधंदा ही आमच्या गांवांत नवी गोष्ट नव्हे. जेथें शेती पावसावर, तेथें एका धंद्यावर घर कधींच चाललें नाहीं. शेतकरी दोन म्हशी बाळगून डेअरीला दूध घालतो. मजुराची बायको चार कोंबड्या व एखादी शेळी पाळते. शेळी पांच महिन्यांनीं विते, बहुधा दोन करडें देते, आणि घरांत अडचण आली कीं बाजाराच्या दिवशीं नेऊन रोख पैसे आणतां येतात. गरिबाची पेढी ती हीच. आतां त्यांत नवे प्रकार मिळाले आहेत. कोणी मोबाईलवरून माल विकतो, कोणी तालुक्याच्या गांवीं दुचाकीवर पार्सलें पोहोंचवितो, कोणी विम्याची एजन्सी घेतो, कोणी साखळी पद्धतीनें माल खपविणाऱ्या कंपनीचा सभासद होतो. या सर्वांत गोडी हीच कीं, काम केव्हां करावें हें आपल्या मर्जीवर.

पौल प्रेषित करिंथ नगरास आला तेव्हां तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहिला, कारण त्यांचा व त्याचा धंदा एकच, म्हणजे तंबू करण्याचा होता (प्रे. कृ. १८:३). मुलाला हातचा धंदा शिकविणें हें यहूदी लोक बापाचें कर्तव्य मानीत. म्हणून गमलिएलाच्या पायांशीं शास्त्र शिकलेल्या ह्या पंडिताच्या बोटांना सुईदोऱ्याचीही ओळख होती. ज्या किलिकिया प्रांतांत त्याचें तार्स हें गांव, तेथें शेळ्यांच्या केसांचें जाडेंभरडें कापड होत असे, व तें त्या प्रांताच्याच नांवानें ओळखलें जाई. ज्यांनीं आमच्या धनगरांच्या घोंगड्या पाहिल्या आहेत त्यांस त्या कापडाची कल्पना सहज येईल. तेव्हां, हाताचा धंदा केल्यानें उपदेशकाच्या कामास कमीपणा येतो असें जे म्हणतात, त्यांनीं हें आधीं पौलास सांगावें.

परंतु त्यानें हा धंदा कशासाठीं केला, हें पाहिल्यावांचून आपला प्रश्न सुटत नाहीं. पोटासाठीं, हें तर खरेंच. पण पोट भरण्याचा दुसरा मार्ग त्यास मोकळा होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत तो मळणीच्या बैलाचा दाखला देऊन सिद्ध करितो कीं, सुवार्ता सांगणाऱ्यास सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क आहे. आणि हक्क सिद्ध करून तो लागलाच सोडून देतो. आपले रात्रंदिवसाचे कष्ट कोणावर ओझें होऊं नये म्हणून होते, अशी तो थेस्सलनीकाकरांस आठवण देतो (१ थेस्स. २:९). कोणाच्या रुप्यासोन्याचा किंवा वस्त्राचा आपण लोभ धरला नाहीं, हें इफिसच्या वडिलांसमोर तो आपले हात पुढें करून सांगूं शकला (प्रे. कृ. २०:३३, ३४). म्हणजे पौलाच्या जोडधंद्यानें त्याला मंडळीपुढें मोकळ्या तोंडानें बोलतां येत होतें. ज्याचें आपण कांहीं घेतलें नाहीं, त्याला त्याचा दोष दाखविण्यास जड जात नाहीं.

आतां त्या विक्रीकडे पाहा, जी आमच्या कांहीं मंडळ्यांत शिरली आहे. साबण, पावडर, शक्तिवर्धक औषधें स्वतः घ्या, आणि आणखी पांच जणांस सभासद करा, म्हणजे त्यांच्या खरेदीवर तुम्हांला घरबसल्या कमिशन, असें उपदेशकाला सांगण्यांत येतें. ते पांच जण त्यानें कोठें शोधावे? ज्यांच्या घरीं तो प्रार्थनेस जातो, ज्यांच्या लेंकरांस त्यानें शास्त्रपाठ शिकविले, त्यांचींच नांवें त्याला पाठ. आजाऱ्यासाठीं प्रार्थना झाली, आमेन म्हटलें, आणि पिशवींतून डबा निघाला. घरची विधवा बाई काय बोलणार? नको म्हटलें तर उपदेशकाला वाईट वाटेल, आणि उद्यां पुन्हां दुखणें आलें तर कोणास बोलवावें? ती डबा घेते. हा सौदा खुषीचा दिसतो. पण खुषीचा नव्हे.

अशा साखळीचा हिशेबही एकदां करून पाहावा. एकानें पांच माणसें आणावीं, त्या पांचांपैकीं प्रत्येकानें आणखी पांच, असें चाललें तर पांचव्या पायरीवर ३,१२५ माणसें लागतात. तीनशें उंबऱ्यांच्या गांवांत तेवढीं माणसेंच नसतात. शेवटच्या पायरीवर जो उभा राहिला तो बुडणारच, आणि तो बहुतकरून सर्वांत गरीब व सर्वांत भोळा असतो. पैसा फिरविण्याच्या असल्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे; आणि ग्राहकांच्या संरक्षणासाठीं २०२१ सालीं झालेल्या नियमांनीं थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसही साखळी योजना चालविण्यास मनाई केली आहे. विम्याची एजन्सी ही तशी गोष्ट नव्हे; ती कायदेशीर आहे व लोकांच्या उपयोगाची आहे. तरी मंडळीच्या नोंदवहींतून नांवें काढून ती चालविली तर तीही त्याच वाटेनें जाते. उपदेशकानें ती पलीकडच्या गांवीं, अनोळखी लोकांत करावी. तेथें नाहीं म्हणणाऱ्यास भय वाटत नाहीं. मंडळींत व्याजानें पैसे लावणाऱ्या उपदेशकाविषयीं तर मला लिहिण्याचीही इच्छा नाहीं.

अलीशाचा चाकर गेहजी याची गोष्ट आपण मुलांस लोभाचा धडा म्हणून सांगतों (२ राजे ५). मला वाटतें ती त्याहून खोल आहे. नामान सेनापतीचें कोड गेलें, त्यानें भेट पुढें केली, आणि अलीशानें ती घेतली नाहीं. गेहजी मागून धांवत गेला, धन्याचें नांव सांगितलें, आणि रुप्याच्या दोन थैल्या व दोन पोशाख घेऊन आला. नामानानें तें आनंदानें दिलें, आग्रह करकरून दिलें! मग नुकसान कोणाचें झालें? जी कृपा त्या परदेशी मनुष्याला फुकट मिळाली होती, तिच्यावर गेहजीनें पाठीमागून किंमत लावली. आपल्या देशास परत जाणाऱ्या नामानानें मनांत काय धरलें असेल? हेंच ना, कीं इस्राएलाच्या देवाचे सेवकसुद्धां शेवटीं पैसे घेतातच.

याच्या उलट उदाहरण आमच्या मराठी भाषेच्याच इतिहासांत आहे. विल्यम केरी हे इंग्लंडांत असतांना जोडे शिवून, शाळा चालवून मोल्टन येथील मंडळीचें पाळकपण करीत. १७९३ त ते बंगाल्यांत आले, आणि पुढील वर्षापासून निळीच्या कारखान्यावर देखरेखीचें काम करून त्यांनीं घर चालविलें. १८०१ त कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत सरकारी अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्याची नोकरी त्यांस मिळाली. आरंभींचा पगार दरमहा ५०० रुपये, त्या काळीं मोठीच रक्कम. त्या भाषांत पुढें मराठीही आली, आणि त्या नोकरींतूनच १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश छापून निघाला. कोशांतील मराठी शब्द मोडी टायपांत आहेत. परंतु श्रीरामपूरच्या त्या मंडळींचा नियम असा होता कीं, कोणीं खाजगी व्यापार करूं नये, आणि ज्याला जें मिळेल तें सामायिक खजिन्यांत पडावें. केरींचा पगारही तेथेंच जाई, आणि घरखर्चापुरतें त्यांस परत मिळे. ह्या व्यवस्थेनें सर्व तंटे मिटले असें मात्र नाहीं. मालमत्तेच्या वादावरून १८२७ त श्रीरामपूरकर व इंग्लंडांतील सोसायटी यांची फारकत झाली. सामायिक खजिना ठेवावा असें मी आमच्या उपदेशकांस सांगत नाहीं. बायकामुलें असलेल्या गरिबाला तें कसें जमावें? पण त्यांची मिळकत उघड्यावर होती, एवढें तरी आपणांस घेतां येईल.

वेळेविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. ज्या कामास ठराविक वेळ नाहीं, त्यास संपण्याचीही वेळ नाहीं. शेताचें काम अंधारानें थांबतें, शाळेचें घंटेनें. मोबाईलवरच्या कामाला संध्याकाळच होत नाहीं. सवडीनें करावयाचें म्हणून घेतलेलें काम हळूहळू सगळी सवड खाऊन टाकतें, आणि मग जेवणाच्या पाटावर व कौटुंबिक प्रार्थनेंतही हात त्याच यंत्राकडे जातो. यांत अधिक भार स्त्रियांवर पडतो. दिवसभर मजुरी, मग चूल, आणि मग रात्रीं शिलाईचें मशीन, अशा भगिनीपुढें आपण नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायांतील सद्गुणी स्त्री ठेवतों, जी वस्त्रें विणून विकीत असे. तिच्या घरीं दासी होत्या, हें त्याच अध्यायांत लिहिलें आहे. तें वाचण्यास आम्ही पुरुष विसरतों. रविवारच्या दुधाविषयींही लोक विचारतात. म्हशीला रविवार कळत नाहीं, आणि शब्बाथ दिवशीं बैलाला सोडून पाण्यावर नेणाऱ्यास प्रभूनेंही दोष दिला नाहीं (लूक १३:१५). धार काढावी, डेअरीला दूध घालावें, आणि किटली हातांत असली तरी तशीच घेऊन उपासनेस यावें. दाराशीं ठेवण्यास जागा पुष्कळ आहे.

मंडळीलाही थोडें सांगणें प्राप्त आहे. आमच्यांत असे पंच आहेत कीं, उपदेशकाच्या अंगणांत चार कोंबड्या वाढल्या म्हणजे त्यांस त्याच्या आत्मिक स्थितीची चिंता लागते. पण वर्गणीची वही उघडली तर त्यांच्याच नांवापुढें सहा महिन्यांची बाकी. जी मंडळी पगार थकविते, तिनें कोंबड्या मोजूं नयेत. पौलानें आपला हक्क सोडला तो त्याचा त्यानें. करिंथकरांनीं तो बुडविला असता तर ती निराळी गोष्ट झाली असती.

म्हणून मला असें सुचवावेंसें वाटतें कीं, वार्षिक सभेपूर्वीं पंचांनीं उपदेशकास घेऊन बसावें. त्याचा जोडधंदा कोणता, त्यास वेळ किती लागतो, आणि माल घेणारे मंडळींतले कितीजण, हें त्यानें मोकळेपणानें सांगावें व तें वहींत लिहून ठेवावें. त्याच पानावर, खालीं, त्याच्या थकलेल्या पगाराची रक्कमही लिहावी.