गुठळी कुणाची?

कोविडच्या काळात ‘डी-डायमर’ ही तपासणी घराघरांत पोचली. आजार फुप्फुसांचा, मग डॉक्टर रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन पोटात का देतात, हे मात्र पुष्कळांना कोडंच राहिलं. रक्तातली गुठळी विरघळताना तिचे जे बारीक तुकडे सुटतात, ते डी-डायमर. ते वाढले म्हणजे आत कुठेतरी गुठळ्या होत आहेत, असा संशय.

शाळेत शिकलेली वाटणी सोपी होती: पांढऱ्या पेशी जंतूंशी लढणार, रक्तबिंबिका रक्त थांबवणार. परीक्षेपुरती ती ठीकच. शरीर ती पाळत नाही. एरवी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या थरात ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन असतं; जखम होऊन त्याची रक्ताशी गाठ पडली, की रक्त गोठू लागतं. दाह सुरू झाला, की मोनोसाइट या पांढऱ्या पेशी हेच प्रथिन स्वतःच्या अंगावर चढवतात. म्हणजे जखम नसतानाही गोठण्याची सोय झाली! न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तर त्याच्याही पुढे जातात. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत आर्तुरो झिखलिन्स्की, फोल्कर ब्रिंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं, की या पेशी आपला डीएनए उसवून कोळ्यासारखं जाळं बाहेर टाकतात. बहुतेकदा त्यात त्यांचा स्वतःचा जीव जातो. जंतू जाळ्यात अडकतात. पण रक्तबिंबिका आणि तांबड्या पेशीही अडकतात, आणि गुठळीला आयता सांगाडा मिळतो. हे दुसरं 2010 मध्ये उमगलं.

याला शरीराची चूक म्हणायला मी तयार नाही. जंतू रक्ताबरोबर सगळीकडे पसरण्याआधी बारीक वाहिन्यांतली त्यांची वाट बंद करणं, ही संरक्षणाचीच एक रीत आहे, आणि ती फार जुनी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडणारा हॉर्सशू क्रॅब पाहा. (नावात खेकडा असला तरी त्याचं नातं कोळी-विंचवांशी जवळचं.) त्याच्या निळ्या रक्तात रक्तबिंबिका नाहीतच. जंतूंच्या विषाचा अंश जाणवला, की पहारा देणारी पेशीच आतला ऐवज ओतून रक्त गोठवते. दोन्ही कामं तिचीच. इंजेक्शनची औषधं आणि लशी शुद्ध आहेत ना, हे या रक्ताच्या अर्कावर कित्येक वर्षं तपासलं जात आहे.

आपल्या फुप्फुसांत मात्र हीच रीत मर्यादेबाहेर गेली, तर वाट जंतूंची बंद होते आणि प्राणवायूचीही. मग रक्त पातळ केलं की झालं? 2021 मध्ये कोविडच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध वाढीव मात्रेत दिल्याचा लाभ इस्पितळातल्या मध्यम आजारी रुग्णांना झाला. अतिदक्षता विभागातल्यांना झाला नाही. तोवर गुठळ्या आणि दाह दोन्ही इतके पुढे गेलेले असतात, की एकट्या हेपरिनला ते आवरत नसावेत, असा त्यावरचा एक तर्क आहे.